दोन ओळींची जागा

माणूस जिवंत असताना त्याची श्रद्धांजली लिहायची नाही, एवढा एकच नियम मी पाळते. बाकी माझ्या धंद्याला नियम नाहीत. लग्न असलं की दोन्हीकडच्या आजोबांपासून आत्यापर्यंत सगळ्यांची नावं बसवून मंगलाष्टका लिहिते. मास्तर निवृत्त झाले की मानपत्र लिहिते. शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन, सरपंचबाईंचं पंधरा ऑगस्टचं भाषण, पुण्याच्या एका एजन्सीसाठी मिक्सर-कुकरची वर्णनं, सगळं चालतं. ज्या कुकरांची मी तोंड भरून स्तुती केली त्यातला एकही आमच्या घरात नाही. आणि आमच्या आर्णीत कुणी गेलं की चौकातल्या फ्लेक्सवर फोटोखाली ज्या दोन ओळी येतात, त्याही बहुतेक माझ्याच असतात.

तो एक नियम काहींना पटत नाही. "डॉक्टरनं सांगतलं, आज-उद्याचं आहे. लिवून ठेवा नं ताई, मंग लय धावपळ होते," असं म्हणत लोक येतात. मी म्हणते, धावपळ होऊ द्या. शिकलेली बाई असून असं काय करता, म्हणून एक गृहस्थ तावातावाने निघूनही गेले. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. लिहिलं की होतं, असं मी मानत नाही. पण मानत नाही म्हणून भीती वाटायची थांबत नाही.

माणूस गेल्यावर मात्र मी घरच्यांना नेहमी तीन गोष्टी विचारते. सकाळी उठल्यावर आधी काय करायचे? कशावरून चिडायचे? आणि कुठली गोष्ट कुणाला देत नव्हते? मनमिळाऊ, कष्टाळू वगैरे सगळेच असतात, ते मी लिहीत नाही. दुसऱ्या प्रश्नापर्यंत घरचे हसतात आणि हसता हसता रडायला लागतात. तिसऱ्याच्या उत्तरात बहुतेक वेळा माझी ओळ सापडते.

माझे बाबा पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती यांवर त्यांची उमर गेली. फ्लेक्स आला आणि त्यांचं काम बसलं. चौकातल्या फ्लेक्सवाल्याशी त्यांचं भांडण नाही, पण त्याच्या दुकानाच्या सावलीलाही ते उभे राहत नाहीत. मी त्याच्यासाठी लिहायला लागले तेव्हा बाबांनी बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मग एकदा जेवताना म्हणाले, "लिव. पोट आहे. पण माह्यं तोंड त्या फ्लेक्सवर लावू नोको." आता आमच्या गल्लीत त्यांच्या हातची एकच पाटी उरली आहे, समोरच्या पिठाच्या चक्कीची. रोज सकाळी दार उघडून ते आधी ती पाटी पाहतात, रंग कुठे उडाला का ते बघतात आणि मग तोंड धुतात.

दिवाळीच्या आधी दाढी करताना त्यांच्या छातीत कळ आली. गालाला अर्धा फेस तसाच राहिला आणि आम्ही त्यांना गाडीत घालून यवतमाळला दवाखान्यात आणलं. आईचे गुडघे धरलेले, म्हणून ती घरीच थांबली. बाबांना काचेच्या दरवाजाआडच्या वॉर्डात ठेवलं. आत जायची मनाई होती. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काढू द्या, मग सांगता येईल. मी बाहेरच्या बाकावर बसले.

एका मुख्याध्यापकांचं मानपत्र द्यायचं होतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइलवर लिहायला घेतलं. काम असलं की मन जागेवर राहतं असं मला वाटायचं. पण 'विद्यार्थिप्रिय' लिहिलं आणि पुढे बोट हलेना. डोक्यात माझेच प्रश्न सुरू झाले. सकाळी उठल्यावर आधी काय करायचे? चक्कीची पाटी पाहायचे. कशावरून चिडायचे? घरात कुणी चप्पल घालून आलं की. कुठली गोष्ट कुणाला देत नव्हते? बारीक ब्रश. मी कुणालाच विचारत नव्हते आणि उत्तरं येतच होती. 'पाहतात' नाही, 'पाहायचे' म्हणून येत होती.

आणि मग ओळ आली. पूर्ण, तयार, एक शब्द इकडचा तिकडे करायची गरज नसलेली. अशी ओळ मला कधी सुचली नव्हती. क्षणभर, अगदी क्षणभरच, मला आनंद झाला. त्या आनंदाची मला इतकी भीती वाटली की मी उठून बेसिनपाशी गेले, तोंडावर पाणी मारलं आणि ओळ घालवायला कुकरचं वर्णन पुटपुटायला लागले: तीन लिटर, जाड बूड, पाच वर्षांची गॅरंटी. ओळ जाईना.

त्या सकाळी बाबांच्या शेजारच्या खाटेवरचा म्हातारा गेला होता. त्याला पांढऱ्या चादरीत बाहेर आणलं तेव्हाच आमच्या गल्लीतले एक काका बाबांना भेटायला पोचले. त्यांनी चादर पाहिली, बेसिनपाशी ओल्या तोंडाने उभ्या असलेल्या मला पाहिलं, हात जोडले आणि आल्या पावली परत गेले. एवढ्या लांब येऊन विचारपूसही केली नाही, काय माणूस आहे, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

दुपारी मोबाइल वाजला. फ्लेक्सवाल्याने फोटो पाठवला होता. उघडला तर बाबा. आमच्या चुलतभावाच्या लग्नातला फेट्यातला फोटो, भोवती मोगऱ्याचा हार, कोपऱ्यात समई, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि फोटोखाली दोन ओळींची रिकामी जागा. सोबत निरोप होता: 'ताई, मन घट्ट करा. मजकूर पाठवता का?'

बातमी खोटी असेल हे मला सुचलंच नाही. मला वाटलं, आर्णीत कळलं आणि मला कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना ठाऊक आहे आणि मीच इथे बाकावर बसून आहे. मी काचेशी धावले. नर्स बाबांच्या खाटेवर वाकली होती, तिच्या पाठीआड त्यांचं तोंड दिसत नव्हतं. पाय दिसत होते. पाय हलत नव्हते.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"काहून वो," आई म्हणाली, "लोकं येऊन बसून राह्यले घरी. कोनी काही बोलत नाही. तुह्या बाबाले बरं आहे नं?"

लोकांच्या शोकाची वाक्यं बसल्या बसल्या लिहून देणारी मी, मला माझ्या आईसाठी एक शब्द मिळेना. 'थांब' एवढंच म्हटलं आणि फोन हातात तसाच धरून दरवाजा ढकलला. चौकीदार मागून ओरडत होता. नर्स दचकून बाजूला झाली.

बाबांचे डोळे उघडे होते. दाढी अजून अर्धीच होती. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"चप्पल बाहेर काढ," ते म्हणाले.

मी तिथेच फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले. नर्सला वाटलं मला चक्कर आली. मग तिनेच आईचा चालू असलेला फोन बाबांच्या कानाशी धरला. सगळं ऐकून बाबा हळूच म्हणाले, "मी आहे. त्याईले चहा पाजत बसू नोको. पाठव घरी." पलीकडे आई हुंदके देत होती आणि मागून बायकांचा एकदम गलका झाला.

फ्लेक्सवाला फोनवर रडला. "पाया पडतो ताई, तुमच्या गल्लीतल्या काकानं दवाखान्यातून येऊन सांगतलं म्हणून केलं. छापलं नव्हतं जी," म्हणाला. त्याच्यावर चिडायचं होतं, पण अंगात तेवढं बळच उरलं नव्हतं. शिवाय दुःखातल्या माणसाकडे त्याने मजकूर मागितला, आणि अशा माणसांना प्रश्न विचारणं मीही वर्षानुवर्षं करत आले आहे.

बाबा घरी आले. भेटायला येणाऱ्यांनी त्यांना सगळं सांगितलंच होतं. एका सकाळी ते मला म्हणाले, "तो फोटो दाखव."

"काढून टाकला," मी म्हटलं.

"तुह्यानं निघत नाही काही. दाखव."

दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरला आणि कुठलीही पाटी पाहावी तसा निवांत पाहिला. "हार जास्त झाला. जोडाक्षर दाबून टाकलं यानं. फोटो बरा आहे." मग खाली बोट ठेवलं. "हे जागा तुह्यासाठी सोडली का?"

"हो."

"लिवलं होतं काही?"

"नाही."

"सुचलं होतं?"

भिंतीचा गिलावा ओला आहे का सुकला हे बाबा नुसतं पाहून सांगतात. तसंच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हटलं. त्यांनी मोबाइल परत दिला, बरं म्हणाले आणि दार उघडून चक्कीची पाटी पाहायला गेले.

आता मी सकाळी दाराची कडी वाजल्याशिवाय कामाला बसत नाही. कधी त्यांना उशीर होतो तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या माझे कान दुखायला लागतात. मग कडी वाजते आणि मी उठून कुणाच्या तरी लग्नाचं, कुणाच्या तरी सत्काराचं लिहायला घेते. ती ओळ मी कुठेही लिहिलेली नाही, कुणाला ऐकवलेली नाही. दुसऱ्या कुणाच्या फोटोखाली ती बसणारच नाही. आजवर मला सुचलेली ती सगळ्यात चांगली ओळ आहे. ती विसरावी म्हणून मी खूप प्रयत्न केले, आणि विसरले की काय या भीतीने दोनदा मनातल्या मनात म्हणूनही पाहिली.