मांडी घालून बसल्यावर पेडल कोण दाबणार?

आज पुलगावच्या मंचावर मी घातलेला घोळ कुणाच्या तरी कामी यावा, म्हणून लिहिते आहे.

मी हवाईयन गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवते. नागपूरहून बारा आवाजांचा इफेक्टचा डबा आणला होता. घरी खुर्चीवर बसून पायाने आवाज बदलायचा सराव केला. आज मंचावर निघाली गादी!

साऊंडवाले राजूभाऊ हसले. "काकू, पाय तं मांडीखाली गेला. आता डोक्यानं दाबता काय?"

"खुर्ची आणा."

"साऱ्या पाहुण्यायले लावल्या. नाई जमत तं कॅसेट लावून देऊ का?"

कॅसेटच लावायची तर मी कशाला आले? मग स्वतःलाच विचारले, या बारांतला मला लागतो कोणता? फक्त एको. राजूभाऊ ऑर्केस्ट्रात उभ्याने गिटार वाजवतात. त्यांचे छोटे एको पेडल मागून घेतले, हाताने एकदाच सुरू केले आणि ठरलेली तिन्ही गाणी वाजवली. लोकांनी चौथे मागितले.

बसून वाजवणाऱ्यांनो, तुम्ही याहून जास्त काय वापरता, आणि कशासाठी?

निघताना अदलाबदल केली. राजूभाऊंना दिले: मोठा डबा, अडॅप्टर, माहितीपुस्तक. मी घेतले: एको पेडल, वायरसकट.