कारेगावच्या मैदानावरची रेघ

दौंडला गाडी पहाटे पोचायची, ती सकाळी नऊला पोचली. अकोल्याहून निघताना घेतलेल्या दशम्या मनमाडपर्यंतच संपल्या होत्या. फलाटावर माझी धाकटी बहीण सुनंदा उभी होती आणि तिच्या मागे तिची एकोणीस वर्षांची मुलगी सारिका. पोरीनं माझी जड बॅग एका हातानं उचलली आणि म्हणाली, "मावशी, परवा न्हाई, उद्याच फायनल हाय. बरं झालं आलीस."

सुनंदा वरवंडला शिक्षिका. सोबतच्याच एका शिक्षकाशी तिनं लग्न केलं आणि ती इथलीच झाली. सारिका गावच्या मुलींच्या संघातून कबड्डी खेळते. पहिल्यांदाच त्यांचा संघ अंतिम सामन्यात पोचला होता. जिंकणारा संघ पुढे जिल्ह्याच्या स्पर्धेत जाणार होता. मी कबड्डी कधी धड पाहिलेली नव्हती. मी आमच्या गल्लीत दर शुक्रवारी बायकांसमोर प्रवचन करते. जय-पराजयात मन स्थिर कसं ठेवावं, हा माझा आवडता विषय. त्यावर मी तासभर न अडखळता बोलू शकते.

दौंड ते वरवंड रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. तोडणी जोरात होती. मोटारसायकलींच्या मागे वाडं (उसाचे हिरवे शेंडे) बांधून माणसं गुरांसाठी घेऊन चालली होती. घरी सुनंदाचे सासरे, आप्पा, ओसरीत बसले होते. त्यांच्या तरुणपणी घरात दीडशे मेंढरं होती आणि आठ महिने पायाखाली रस्ता. आता चार एकर बागायत आहे. जेवायला बाजरीची भाकरी आणि मटकीचं कोरड्यास (पातळ भाजी). मी तिसरी भाकरी नको म्हणाले तर आप्पा म्हणाले, "खावा ताई. उद्या वरडायला ताकद लागंल."

"मी नाही ओरडायची," मी हसून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पिकअपमध्ये सगळा संघ, मी, सुनंदा आणि घोंगडी घेतलेले आप्पा. संघाची कर्णधार वैशाली थेट रात्रपाळी करून आली होती. ती कुरकुंभच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. डोळे लाल, पण बसल्या बसल्या प्रत्येकीला तिची जागा समजावत होती. चौफुल्यावरून वळून आम्ही पारगावच्या पुलाशी आलो आणि अडकलो. पुढे उसाच्या ट्रॉलीचं चाक निखळलं होतं. खाली भीमेचं पाणी संथ, आणि वर आमच्या पोरी घड्याळाकडे बघत. शेवटी सातही जणी खाली उतरल्या आणि ट्रॉलीवाल्याबरोबर रस्त्यावर सांडलेला ऊस बाजूला करू लागल्या. न्हावरं गाव मागे टाकून सामन्याच्या गावी, कारेगावला पोचलो तेव्हा नावं पुकारायला दहा मिनिटं उरली होती.

कारेगाव म्हणजे शेतातून वर आलेलं शहरच. कंपन्यांच्या बसेस, भाड्याच्या खोल्यांच्या रांगा, दोरीवर वाळणारे निळे गणवेश. मैदानाभोवती सुट्टीवरचे कामगार दाटीवाटीनं उभे होते. माझ्या शेजारी गोरखपूरकडचा एक वेल्डर होता. मला काही समजत नाही हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. "आंटीजी, वो लाइन के पार गई तो बोनस," असं तो मला एकेक सांगत राहिला. समोरचा संघ शिरूर तालुक्यातला, म्हणजे गर्दी त्यांची. आमच्या बाजूनं आम्ही तिघंच.

पहिल्या पंधरा मिनिटांतच मी घोंगडीवरून उठून उभी राहिले होते. मध्यंतरानंतर पंचांना "डोळे आहेत का?" असंही विचारून झालं. सुनंदानं माझा पदर ओढला. मी तो सोडवून घेतला.

शेवटचं मिनिट आलं तेव्हा गुण सत्तावीस-सत्तावीस. समोरची उंच मुलगी चढाईला आली. सारिका डाव्या कोपऱ्यात होती. ती मागे सरकली, वाकली, आणि झेप घेऊन तिनं त्या मुलीचा घोटा धरला. वैशालीनं वरून मिठी घातली. धुरळा उडाला. पंचांनी शिट्टी वाजवून गुण आमच्या बाजूला दिला. आमच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी त्या वेल्डरचाच हात धरून नाचत होते.

सारिका मात्र उठली नव्हती. ती बसूनच मागच्या रेषेकडे बघत होती. चुन्याची रेघ तिथं निम्मी पुसली होती. मग ती उठली आणि पंचांकडे चालत गेली.

पाय रेषेबाहेर पडला की खेळाडू बाद, हे वेल्डरनं मला सांगितलं होतं. ती काय करणार ते मला त्या क्षणी कळलं. आणि मी, दर शुक्रवारी प्रवचन करणारी बाई, गळा फाडून ओरडले, "सारिका, गप्प बस! काही बोलू नकोस!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पंचांना म्हणाली, "सर, धरायच्या आधी माझा पाय बाहेर पडला व्हता."

"नक्की?" पंचांनी विचारलं. रेषेवरच्या पंचाला काही दिसलं नव्हतं.

"व्हय सर."

पंचांनी हात वर केला. सारिका बाद, चढाई करणारी सुखरूप. गुण तिकडे गेला. उरलेल्या सेकंदांत वैशाली चढाईला गेली आणि रिकाम्या हातानं परतली. शिट्टी झाली. आम्ही एका गुणानं हरलो होतो.

वेल्डरनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळं मैदान वाजवू लागलं. आप्पा सावकाश उठले, घोंगडी झटकली, पागोटं नीट केलं आणि भोवतालच्या अनोळखी माणसांना एकेकाकडे वळून सांगू लागले, "नात हाय माझी. ती डाव्या कोपऱ्यातली. माझी नात हाय."

मला त्यांच्याकडे बघवेना. अभिमान मलाही वाटत होता, पण तो वाटून घ्यायचा हक्क मी दोन मिनिटांपूर्वी स्वतःच्याच तोंडानं घालवला होता.

परतताना गाडीत वैशालीनं बाहेर तोंड केलं होतं. सारिकाच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, पण कुणी रुमाल पुढे केला नाही. न्हावऱ्याला चहाला थांबलो तेव्हा वैशाली भेळेचे दोन पुडे घेऊन आली आणि एक सारिकाच्या मांडीवर ठेवला.

"एवढी मोठी रेघ दिसंना व्हय गं तुला?"

"पुसली व्हती ताई."

"पुसली व्हती म्हणं. उद्यापास्नं रोज कोपऱ्यात उभी करते तुला. अंधार पडस्तवर." एवढं बोलून ती तिच्या शेजारी बसली आणि बाटलीतल्या पाण्यानं तिचा गुडघा धुऊ लागली. हळूहळू बाकीच्याही जवळ आल्या.

तिसऱ्या दिवशी दौंडच्या फलाटावर मी सारिकाला बाजूला घेतलं. "मी तुला गप्प बस म्हणाले."

"ऐकलं की मी. साऱ्या मैदानानं ऐकलं."

"चुकलं माझं. पण तुला वाटलं नाही का, कुणाला काय कळणार होतं?"

ती जरा गोंधळली, जणू मी भलतंच विचारलं होतं. "मला कळलं व्हतं ना मावशी." मग माझा पडलेला चेहरा बघून तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. "तू पयल्यांदाच मॅच बघितलीस. व्हतं असं."

शुक्रवारी अकोल्यात बायका जमल्या. मी पोथी उघडली नाही. कारेगावचं सगळं सांगितलं, माझ्या ओरडण्यासकट. ते सांगताना कान तापले, पण वगळलं नाही. इतकी वर्षं मी ज्या मनाच्या समतोलाबद्दल बोलत आले, तो मी धुळीनं माखलेल्या एका पोरीच्या चालण्यात पाहिला होता, रेषेपासून पंचांपर्यंतच्या चार पावलांत. तिनं कुठला त्याग केला नव्हता की मोठं काही केलं असंही तिला वाटत नव्हतं. जे झालं ते तिनं सांगितलं आणि पुढच्या चढाईसाठी बाहेरून ओरडून वैशालीला धीर दिला.

मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "म्हणजे शेवटी हरल्याच ना त्या?"

"हो," मी ताठ बसून म्हणाले. "हरलो आम्ही. एका गुणानं."