चकल्यांखालचा अंक

काल लंडनमधल्या आमच्या हॅरोच्या घरी चकल्या तळताना तेलाचा वास सुटला, आणि काय सांगू, मला वीस वर्षांची केतकी दिसली. माझी लेक हो. तेव्हा स्टॉकहोमच्या एका हिप-हॉप मासिकात लंडनच्या रॅपवाल्यांवर तिचा पहिला लेख आला होता. पोस्टाने अंक एकच आलेला. "बाबा, वाचाल ना?" म्हणत तिने तो ह्यांच्या खुर्चीवर ठेवला.

दिवाळीचे पाहुणे बसले होते. ह्यांनी त्या अंकाची पानं फाडली आणि गरम चकल्यांखाली पसरली. कागद गुळगुळीत, तेल वरच तरंगलं. "बघा, माझ्यासारख्या डॉक्टरच्या मुलीचं लिखाण! साधं तेलसुद्धा टिपत नाही!" सगळे हसले. केतकीही हसली, सगळ्यांत मोठ्याने. पुन्हा तिने कधी लिहिलं नाही.

ते मासिक केव्हाच बंद पडलं. आता त्याचा इतिहास छापून आलाय आणि त्यात केतकीचं नाव आहे. तेव्हापासून हे येईल त्याला सांगत सुटलेत. काल फराळाला आलेल्या शेजाऱ्यांसमोर म्हणाले, "केतकी, तुझा तो अंक दाखव की यांना."

केतकीने चकल्यांचं ताट ह्यांच्यापुढे ठेवलं. "याच्याखाली बघा, बाबा."

ह्यांनी खरंच ताट उचलून बघितलं.