आबांची गाणी आणि फ्लॉप्यांचा गठ्ठा

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या केडगावच्या दोन खोल्यांत कम्प्युटर आला. वडील ज्या कारखान्यात कामाला होते, तिथून काढून टाकलेला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कम्प्युटरमधलं मला सगळं कळतं, असं घरच्यांनी धरून चाललं होतं. मला फार कळत नव्हतं, पण तसं सांगायचं धाडस झालं नाही.

माझे मोठे चुलते, आबा, शेवगावजवळच्या आमच्या गावी भीमगीतांची गायन पार्टी चालवायचे. गाणी त्यांनीच रचलेली. लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. त्या वर्षी त्यांच्या घशाचं दुखणं बळावलं, तेव्हा येत्या जयंतीला गाण्यांचं पुस्तक छापायचं ठरलं. आबा रविवारी एसटीने यायचे, पलंगावर मांडी घालून गायचे आणि मी टाइप करायचो.

"लई सावकाश हाय रं तुझं. एवढ्यात माझा ढोलकीवाला चहा पिऊन यायचा."

"आबा, अक्षरं पटकन सापडत नाहीत."

"व्हय, सायेब झालाय तू. मराठी कशी सापडंल!"

गाणी साठत गेली तशी मला भीती वाटू लागली. हे पुसलं गेलं तर? नगरमध्ये एका कम्प्युटरच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदाराने नीट समजावलं. साधी नक्कल केली तर एकेक गाणं जसंच्या तसं फ्लॉपीवर उतरतं. पण फ्लॉप्या जास्त लागतात, आणि मशीन बिघडलं तर मराठी फॉन्टपासून सगळं नव्याने बसवावं लागतं. बॅकअपचं सॉफ्टवेअर मात्र सगळं दाबून त्याचा एकच गठ्ठा बांधतं, तो थोड्या फ्लॉप्यांवर सलग पसरवतं आणि वेळ आली की सगळं होतं तसं परत मांडतं. 'होतं तसं' हे शब्दच मला आवडले. मी ते सॉफ्टवेअर घेतलं.

"एकदा फ्लॉप्यांवरून परत मशीनमध्ये भरून बघ," दुकानदार म्हणाला. "आणि फ्लॉप्या मशीनजवळ ठेवू नको. दुसरीकडे ठेव."

परत भरताना चांगलं आहे तेच बिघडेल, या भीतीने मी भरून पाहिलं नाही. फ्लॉप्या मात्र आबांनीच मागून घेतल्या. "माझी गानी माझ्यापाशी ऱ्हाऊ दे." दुसऱ्या गावी राहणार म्हणून मलाही बरं वाटलं. आबांनी त्या पार्टीच्या लोखंडी ट्रंकेत, हार्मोनियम आणि लाउडस्पीकरच्या शेजारी ठेवल्या. कुलूप लागणारी घरात तेवढीच जागा. मला विचारलं असतं तर मीही तीच सांगितली असती.

जयंतीच्या आधी हार्ड डिस्क गेली. नवी बसवली, फ्लॉप्या गावाहून आणल्या. पहिली वाचली. दुसरी वाचली. तिसरीला मशीन घरघरत राहिलं आणि ती वाचता येत नाही म्हणालं. ती नाही तर पुढच्या कुठल्याच चालेनात, आणि गठ्ठा अर्धवट सुटत नसल्याने पहिल्या दोन्हींतूनही काही निघेना. दुकानदाराने फ्लॉप्या कुठे होत्या ते विचारलं. मी सांगितलं.

"स्पीकरच्या मागं केवढं लोहचुंबक असतं, त्यानं फ्लॉपी पुसली जाते, ठाऊक नाही का तुला?" मग त्याचा आवाज उतरला. "साधी नक्कल असती तर त्या एका फ्लॉपीवरचीच गाणी गेली असती रे. बाकीची निघाली असती."

गावी जाऊन आबांना सांगितलं.

"जाऊ दे. गानी तुझ्या डबड्यात न्हाईत, हितं हायत," ते कपाळावर बोट ठेवून म्हणाले. "घे लिहून."

मी कागद घेतला. त्यांना आता गाता येत नव्हतं, ते नुसते शब्द सांगत होते. चालीशिवाय शब्द अडत होते. पूर्वी आबा अडले की मागचे कोरसवाले ओळ उचलायचे. पार्टीतल्या प्रत्येकाला प्रत्येक गाणं येत असे. आता त्यातले दोघे वारले होते, उरलेले कामासाठी पुण्याकडे पांगले होते. कॅसेट एकच निघाली होती, ती कुणी नेली ती नेलीच.

"तुला दिल्यापासनं मी घोकायचं सोडलं बघ," आबा म्हणाले. "म्हनलं, आता हाय की तिकडं."

दीक्षेच्या वेळी त्यांची आई नेसत्या लुगड्यानिशी नागपूरला गेली होती, त्यावरचं गाणं त्यांचं सगळ्यात आवडतं. दोन कडवी झाली आणि ते थांबले.

"पुढं काय हुतं रं? तूच लिवलंस न्हवं?"

मीच लिहिलं होतं. पण तेव्हा माझं लक्ष अक्षरं शोधण्यात होतं. मला एकही शब्द आठवला नाही.

"आठवंल," आबा म्हणाले. "हाय तेवढं वाच."

मी दोन्ही कडवी वाचली. आबा डोळे मिटून मांडीवर ठेका धरत होते. वाचून झाल्यावरही त्यांचा हात थांबला नाही. पुढच्या ओळीची वाट बघत तो बराच वेळ तसाच चालू राहिला.