गॉगलवाला कधीच खुनी नसतो

सक्करदऱ्यात चंद्रभान लांजेवारांच्या शेजारी बसून सस्पेन्स सिनेमा पाहायला कोणी तयार नसतं. टीव्हीवर पहिलं प्रेत पडून त्याच्यावर चादर घालायच्या आत चंद्रभान सांगून टाकतात, "तो माळी." आणि शेवटी माळीच निघतो. याच कारणावरून त्यांच्या एका चुलतभावाने त्यांच्याकडे मुक्कामाला येणं सोडलं. नवऱ्याच्या विद्येचा संसाराला झालेला हा एकमेव फायदा, असं प्रयागबाईंचं मत.

विद्या मात्र अस्सल होती. चंद्रभान एकतीस वर्षं एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. वरच्या केबिनमध्ये मशीनवर रीळ चढवायचं आणि भिंतीतल्या वीतभर खिडकीतून पडद्याकडे बघत राहायचं, हे काम. एकच खून दिवसातून चारदा पाहायचा, तोही पाच-पाच आठवडे. मशीनच्या खडखडाटात संवाद धड ऐकू येत नसत, त्यामुळे चंद्रभानांनी सिनेमा ऐकला असा नाहीच, नुसता पाहिला. जिना वरून दाखवला की खालून, दिवा कोणाच्या हनुवटीखाली ठेवला, दाराच्या फटीतून कोणाचे बूट दिसले. त्यातून त्यांनी एक सिद्धांत काढला आणि चहाच्या टपरीवर तो फुकट वाटला.

"ज्याचे आधी बूट दिसते, मंग सावली, मंग गॉगल, आन् ज्याच्या अर्ध्या तोंडावर अंधार, तो खुनी कधीच नसते. डायरेक्टर पब्लिकले उल्लू बनवून राहिला असते. खुनी कोन? जो मागं सपाट उजेडात उभा राहून सगळ्याइले चहा देते, तो."

सिनेमात हा सिद्धांत शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर निघाला. मग एका रविवारी सकाळी चंद्रभान तो घेऊन एका मंगल कार्यालयात गेले.

तिथे मधुसूदन सरांची सभा होती. सर रामटेककडे चंदनाची बाग लावणार होते. लाखामागे दर महिन्याला सात हजार, शिवाय सहा वर्षांनी झाडं तुमची. प्रयागबाईंच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी दोन लाख साठले होते, म्हणजे एका गुडघ्याची सोय झाली होती. सव्वा वर्षात चंदनातून दुसरा गुडघा उगवेल, असा चंद्रभानांचा हिशेब. प्रयागबाई पोस्टात ठेवा म्हणत होत्या. शेजारचे रुपराव, एस.टी.तले निवृत्त कंडक्टर, नुसते नाश्ता बघायला आले होते.

पडदे ओढले गेले, दिवे मालवले. स्टेजच्या मागून पांढरा प्रकाश पडला. आधी बूट वाजले. मग भिंतीवर छतापर्यंत गेलेली लांब सावली आली, आणि तिच्या मागून काळा कोट, काळा गॉगल, तोंड अर्धं अंधारात.

"चोट्टा दिसते गा हा," रुपराव कुजबुजले.

"म्हनूनच नाही!" चंद्रभान खुर्चीत पुढे सरकले. त्यांचे डोळे चमकत होते. "काय लाईट लावला, रुपराव! असा लाईट मी वीस वर्षांत पाह्यला नाही."

"घरात गॉगल कोन घालते वं माय?" प्रयागबाई स्वतःशीच म्हणाल्या.

पण चंद्रभान आता खरा गुन्हेगार शोधत होते. तो त्यांना अडीच मिनिटांत सापडला. कोपऱ्यात, एकुलत्या चालू ट्यूबलाइटखाली, हाफ स्वेटर घातलेला एक किडकिडीत कारकून बसला होता. नाव गणपतराव. तो पावत्या फाडत होता आणि मधूनमधून उठून किटलीतला चहा सगळ्यांना देत होता.

चंद्रभानांनी रुपरावांचा दंड धरला. "हा पाह्य. तोंडावर सावलीच नाही त्याच्या!"

"मंग?"

"मंग काय? सर भोळा मानूस आहे. खाईन तर हा गनपत खाईन. याच्या हाती पैसा देऊ नको."

नाश्त्याच्या रांगेत ही बातमी सत्तर माणसांपर्यंत पोचली. चंद्रभानांनी दोन लाख थेट मधुसूदन सरांच्या हातात दिले. पावती घेतली नाही, कारण पावती गणपतरावाच्या हातची होती. तज्ज्ञाचं पाहून आणखी अकरा जणांनी तसंच केलं. त्यात रुपरावही होते. ते आले होते नाश्त्याला आणि गेले सत्तर हजार देऊन.

तीन महिने सात हजारांच्या हिशेबाने पैसे आले. तेवढ्या काळात चंद्रभानांनी टपरीवर तीन वेळा सिद्धांत सांगितला. चौथ्या महिन्यात ऑफिसला नवं कुलूप लागलं आणि सरांचा फोन लागेना.

सकाळी साडेनऊलाच कुलपासमोर सत्तर माणसं जमली. आणि दहाला पाच कमी असताना, रोजच्यासारखे, हाफ स्वेटरमधले गणपतराव सायकलवरून उतरले. खिशातून किल्ली काढून ते कुलपापाशी गेले. किल्ली लागेना. ती त्यांनी उलटसुलट करून पाहिली.

"हाच तो!" कोणीतरी ओरडलं. "चंद्रभानभाऊनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं!"

रुपरावांनी कॉलर धरली. एकाने पायातली चप्पल काढली. गणपतराव जेवणाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे राहिले, जणू ही सगळी गर्दी त्यांच्या भाजीवर आली होती.

"बोला भाऊ!" लोकांनी चंद्रभानांकडे पाहिलं. "तुम्हीच वळखला होता न याले?"

चंद्रभानांना इतकं मोठं पब्लिक आयुष्यात लाभलं नव्हतं. एकतीस वर्षं ते सगळ्यांच्या डोक्यामागे अंधारात बसले होते. आज सगळी तोंडं त्यांच्याकडे वळली होती. नुसती मान हलवली तरी पुरे होतं. पैसा गेला तरी शहाणपण शिल्लक राहिलं असतं.

भिंतीचा आधार घेत प्रयागबाई पुढे आल्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "पळनारा मानूस डबा घेऊन कामावर येते काय?"

चंद्रभानांनी डब्याकडे पाहिलं. मग त्या न लागणाऱ्या किल्लीकडे.

"रुपराव, सोड गा त्याले. मी चुकलो."

"काय म्हनलं?"

"चुकलो मी. गॉगलवालाच होता."

मग रुपराव जे बोलले ते त्यांनी एस.टी.च्या सबंध नोकरीत सुट्या पैशांवरूनही कोणाला सुनावलं नव्हतं. चप्पलवाल्याने चप्पल खाली ठेवली नाही, फक्त दिशा बदलली. चंद्रभान गणपतरावांच्या पुढ्यात उभे राहिले आणि चपलेचा एक फटका त्यांनी आपल्या खांद्यावर घेतला. मग गणपतरावांचा हात धरून ते पोलीस ठाण्यापर्यंत चालत गेले, मागोमाग सगळी गर्दी.

ठाण्यात साहेबांनी वही उघडली. "माणूस दिसायला कसा?"

"काळा गॉगल, साहेब," सत्तर जण एकदम म्हणाले.

"गॉगल काढल्यावर?"

मोबाईलमध्ये फोटो ढिगाने होते, पण प्रत्येकात सरांच्या जागी एक काळा पुतळा उभा होता.

"मागून लाईट होता न, साहेब," चंद्रभान पडेल आवाजात म्हणाले. "थोडासा डावीकडून. फार सुंदर लावला होता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"मी पाह्यलं साहेब." मागून गणपतराव बोलले. "रोज सकाळी ते माझ्यासमोर गॉगल काढून तोंड धूत. डाव्या भुवईत खाच आहे. खालचा एक दात चांदीचा. माझा चार महिन्यांचा पगारही बाकी आहे, तोही लिहा."

त्यांचा जबाब दुपारी अडीचपर्यंत चालला. मध्ये साहेबांनी स्वतः त्यांना डबा खायला लावला.

चांदीच्या दातावरून मधुसूदन सर दोन महिन्यांनी दुसऱ्या राज्यात सापडले. तिथे ते शहामृग विकत होते आणि त्यांचं नाव मधुसूदन नव्हतं. पैसा मात्र सापडला नाही. खटल्याच्या तारखा पडतात. बिनपावतीच्या बारा जणांसाठी गणपतराव साक्ष देतात. दर महिन्याचे पैसे तेच मोजून देत, त्यामुळे कोणी किती गुंतवले ते त्यांना तोंडपाठ आहे.

ऑपरेशन लांबलं. प्रयागबाईंना आता बाजारापर्यंत चालवत नाही, म्हणून बुधवारी भाजीला चंद्रभान जातात. थैली घेऊन परत आले की प्रयागबाई ओट्यावर बसून एकेक वांगं उजेडात फिरवून पाहतात.

"हे किडकं कसं नाही दिसलं तुमाले?"

"कुठं?"

"हे काय, समोरच तर छेद आहे."

चंद्रभान चष्मा वर करून पाहतात. छेद असतो. ते वांगं खिशात घालतात, चपला अडकवतात आणि बदलून आणायला पुन्हा बाजाराकडे निघतात. मागून प्रयागबाई ओरडतात, "अहो, दुसरं निवडू नका! त्या भाजीवालीलेच निवडून द्याले सांगा!"