पांढरं दिसलं की

किनाऱ्यावर सुरूच्या झाडाला बांधलेली माझी जुळी नाव वाऱ्यात हिसके देते आहे. दोन होड्यांवर पाय ठेवू नये म्हणतात. मी तर दोन होड्या जोडूनच घेतल्या! अशा वाऱ्यात तिची एक बाजू पाण्यावरून अलगद उचलली जाते आणि आपण चक्क उडतो. वारा आणखी थोडा चढला, की उलटतोही.

"लाटांवर पांढरं दिसलं की शीड उतरवायचं, ठरलंय ना?" बायको म्हणते. नावेत माझ्या जोडीला तीच असते.

"पांढरं तर माझ्या डोक्यावरही दिसतंय!"

"म्हणूनच म्हणते."

मी निमूट शीड गुंडाळतो. समुद्र फेसाळून हाका मारत राहतो. वळून पाहतो, तर तिची नजर लांब पाण्यावर आणि रिकामी मूठ दोर धरल्यासारखी घट्ट आवळलेली.