तात्याबानं लपवलेली खोड

धारूरच्या बाजारात तात्याबाची मेंढी डोळे झाकून घ्यावी, असं लोक म्हणायचे. गिऱ्हाईकानं विचारायच्या आधीच हा गडी मेंढीचा जबडा उघडून दात दाखवायचा आणि म्हणायचा, "ही मागल्या पायानं लंगडती, बरं का! मागून बोंबलू नका." बायको साखराबाई कपाळावर हात मारून घ्यायची. पण जित्राबाची खोड लपवणं त्याला कधी जमलंच नाही.

लपवली ती एकच, पोटच्या लेकीची.

बबिता लहान असताना सांधे धरणारा ताप आला आणि काळजाची झडप बिघडवून गेला. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करून झडप दुरुस्त केली आणि झडपेभोवती आधाराचं कडं बसवलं. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "दात काढायचा झाला तर आधी हे ऑपरेशन सांगायचं. तासभर आधी औषध घ्यावं लागतं. नाहीतर हिरडीतले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात." तात्याबा ते विसरला नाही. एकदा पोरीची दाढ काढली, तेव्हा त्यानं समोर उभं राहून तिला गोळ्या गिळायला लावल्या होत्या.

पण युसूफ वडगाव या गावाहून बबिताला सोयरीक आली आणि बापाच्या तोंडाला कुलूप लागलं. छातीवरचा ऑपरेशनचा वण म्हशीच्या शिंगाचा ठरला. "सासरी काळजाचं नाव काढू नको, बाई. नांदवायचे न्हाईत," असं त्यानं लेकीला सांगितलं. गुणाची पोर, तिनं ऐकलं!

पुढं तिची दाढ ठणकायला लागली. सासू छबुबाई तिला दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. हृदयाचा काही त्रास आहे का, असं डॉक्टरनं विचारलं. सासू शेजारीच बसलेली. बबिता म्हणाली, "न्हाई."

दाढ निघाली. काही दिवसांनी ताप आला तो उतरेचना. टायफॉइड समजून गावात सुया टोचत राहिले. जावई बजरंगचा फोन आला, तसा तात्याबा मेंढरं रानात सोडून पळाला. मोठ्या दवाखान्यात त्यानं सगळ्यांसमोर रडत खरं सांगितलं, पण तोवर जंतूंनी झडप खाल्ली होती.

"आबा, मी कुणाला सांगितलं न्हाई," बबिता धापा टाकत म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

माती झाल्यावर तात्याबा छबुबाईच्या पायाशी बसला. "इहीणबाई, सांगितलं असतं तर तुमी तिला माघारी धाडली असती, म्हणून..."

छबुबाईनं डोळे पुसले. "खोटं कशाला बोलू, इवाई? धाडली बी असती. पण जित्ती आली असती न्हवं तुमच्या दारात?"